एक इमारत, एक तक्रार

सोमवार, ४ मार्च

ही म्हणाली, "जेवताना मला जे सगळं ऐकवतोस ना, ते एखाद्या वहीत लिहीत जा. वहीला दात नाहीत, तिचं जेवण तरी थंड होणार नाही." ही एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, त्यामुळे तिच्या बोलण्यात दात कुठून तरी येतातच. तर ही ती वही.

आज डिझाइनवर सही झाली. एकशे बारा पानं. गिऱ्हाईक म्हणजे लिफ्टची देखभाल करणारी कंपनी. शहरातल्या नऊशे इमारती त्यांच्याकडे आहेत. लिफ्ट बिघडली की लोक फोन करतात, फोनवरच्या बाई रजिस्टरात लिहितात, मेकॅनिक शोधतात आणि पाठवतात. तक्रारी, मेकॅनिक, सुटे भाग, करार हे सगळं आता आमच्या सिस्टीमवर येणार. आमच्या म्हणजे मी आणि माझा मेहुणा. मी विचार करून कागदावर मांडतो, तो कोड लिहितो; सहीची वाट न बघता त्याचा बराचसा कोड लिहूनही झालाय. कंपनीत आम्ही दोघंच. दारावरची पाटी मात्र चार फुटी आहे.

आजवर आम्ही दोन दवाखाने आणि एक गोदाम केलं. एवढं मोठं काम पहिलंच. सोळा वर्षांची नोकरी मी सोडली ती माझ्या हौसेने, पण मेहुण्याने त्याची सोडली ती माझ्या शब्दावर. हे मी दिवसातून चारदा तरी आठवतो.

सही करताना मॅडमनी विचारलं, "सगळं लक्षात घेतलंय ना?" मॅडम कंपनीच्या मालक, वडिलांनी काढलेली कंपनी वीस वर्षं एकट्या चालवतात. मी म्हणालो, "हो." त्या प्रश्नाला दुसरं उत्तर देता येतं का?

बुधवार, ६ मार्च

आज फोनच्या खोलीत चार तास बसलो. दुसरा मजला, खिडकीतून फक्त मागच्या इमारतीची भिंत दिसते. दोन फोन, एक कुरकुरणारा पंखा आणि उशीएवढं जाड रजिस्टर. फोनवरच्या ताई इथे सव्वीस वर्षं आहेत. त्यांना सगळे 'कंट्रोल' म्हणतात, मेकॅनिक मंडळी तर हक्काने "कंट्रोल, आज माझ्यावर एवढा राग का?" असं विचारतात.

ताईंचा झपाटा विलक्षण आहे. पलीकडच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं अर्धं लिहून झालेलं असतं. एका वॉचमनला त्यांनी नुसत्या खोकल्यावरून ओळखलं. मी घड्याळ लावून चाळीस फोन मोजले. एकेका तक्रारीला सरासरी सहा मिनिटं जातात. मेकॅनिकला पाठवल्यावर त्या पुन्हा त्या इमारतीत फोन करून विचारतात, "पोचला का?" प्रत्येक वेळी विचारतात. मी टिपणात लिहिलं: अनावश्यक, हे स्क्रीनवर दिसेल.

निघताना त्यांनी विचारलं, "मग मी काय करायचं सर?"

"तुम्ही फक्त नोंद करायची. बाकी सिस्टीम करेल."

"फक्त," त्या म्हणाल्या, आणि फोन उचलला.

नवीन गोष्टीला घाबरतात लोक. सोळा वर्षांत हे सगळीकडे पाहिलंय.

मंगळवार, १२ मार्च

चाचणीचा पहिला दिवस, आणि फजिती.

एका इमारतीतली लिफ्ट बंद पडली. तिथल्या पाच जणांनी वीस मिनिटांत पाच फोन केले. सिस्टीमने इमानेइतबारे पाच तक्रारी नोंदवल्या आणि पाच मेकॅनिक धाडले. मेकॅनिकांचे फोरमन, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ते हसत हसत वर आले. "साहेब, एका लिफ्टला पाच माणसं पोचली. आता आम्हीच तिला खांद्यावर घेऊन वर-खाली करू का?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

मी जागच्या जागी नियम सुचवला. एका इमारतीतून आधीच्या तक्रारीनंतर अर्ध्या तासात पुन्हा तक्रार आली, तर नवी धरायची नाही, पहिलीलाच जोडायची. एक इमारत, एक तक्रार. मॅडमना आवडलं. मेहुण्याने तासाभरात बसवून दिलं. जोडलेल्या तक्रारी वेगळ्या ठिकाणी साठतात, यादीत दिसत नाहीत, त्यामुळे स्क्रीन स्वच्छ राहतो. ही माझीच सूचना.

ताई मागच्या खुर्चीत होत्या. म्हणाल्या, "सर, काही ठिकाणी दोन-दोन लिफ्ट आहेत."

मी सांगितलं, "करार इमारतीशी आहे ताई. सिस्टीमला इमारत कळते."

"पण इमारत कुठे बिघडते? बिघडते लिफ्ट."

यावर पुन्हा हशा झाला. उस्ताद म्हणाले, "कंट्रोल, तू मास्तरीण व्हायला हवं होतंस." छान विनोद होता, म्हणून लिहून ठेवला.

शुक्रवार, १५ मार्च

जीभ सारखी एका दाढेला लागते. ही म्हणाली, दाढ उत्तम आहे, तू रात्रभर दात खातोस. सोमवारी खरोखरीची सुरुवात.

सोमवार, १८ मार्च

सुरू झालं.

सकाळी आठला मॅडम स्वतः फोनच्या खोलीत आल्या. मी सांगितलं होतं की रजिस्टर समोर राहिलं तर जुनी सवय मोडत नाही, म्हणून ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. ताईंनी कव्हरवरची धूळ पदराने पुसली आणि मगच ते दिलं. पहिला फोन आठ वाजून सहा मिनिटांनी आला. ताईंनी दोन बोटांनी टाइप केलं, हिरवी खूण आली, "तक्रार नोंदली". मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच, हे नंतर लक्षात आलं.

दिवसभरात ब्याण्णव तक्रारी. एकही अडकली नाही. मेहुणा सर्व्हरपाशी बसून होता, डबासुद्धा तिथेच खाल्ला. संध्याकाळी म्हणाला, "जिजाजी, आता तरी श्वास सोडा."

मंगळवार, १९ मार्च

सगळं ठीक. त्याचीच भीती वाटते.

शुक्रवार, २२ मार्च

सरासरी वेळ सहा मिनिटांवरून दोनवर आली. मॅडमनी दुसऱ्या टप्प्याबद्दल विचारलं, म्हणजे सुट्या भागांचं गोदाम आणि बाहेरगावच्या शाखा. हे होईल ते दीड वर्षाचं काम. मेहुण्याला सांगितल्यावर त्याने मला चक्क उचललं. पाठ धरली माझी, पण मजा आली.

ताई अजूनही अधूनमधून "पोचला का?" करायला फोन उचलतात. त्यांना गोड शब्दांत समजावलं. "स्क्रीनवर बघा ना. मेकॅनिक नेमला असं आलं की झालं. विश्वास ठेवायला शिका." त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला.

मंगळवार, २६ मार्च

आज घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो.

पाण्याच्या टाकीजवळ एक सात मजली इमारत आहे. आज दुपारी तिथल्या लिफ्टमध्ये एक आजोबा अडकले. निवृत्त ग्रंथपाल, वय एकोणऐंशी. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. शेवटी शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला बोलावलं आणि त्यांना बाहेर काढलं, तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. अडीच तासांच्या वर. बेशुद्ध होते. साखरेचा आजार आहे म्हणे. दवाखान्यात नेलंय.

मॅडमचा फोन आला. "वॉचमन म्हणतो त्याने दोनदा कळवलं. माझ्या स्क्रीनवर त्या इमारतीची एकच तक्रार आहे, तीन अठ्ठावन्नची, दार नीट बंद होत नाही अशी. ती साधी तक्रार, चार तासांच्या मुदतीची. तुमची सिस्टीम करत काय होती?"

काय बोललो आठवत नाही. फोन ठेवल्यावर आठवला तो अर्ध्या तासाचा नियम. जमिनीवर बसलो. हिने पाणी आणून दिलं.

मेहुण्याला लगेच फोन केला, लागला नाही. थोड्या वेळाने त्याचाच आला. "कळलं मला. तुम्ही काही करू नका जिजाजी, सकाळी बघू. मी सर्व्हरवर एक बारीकसं काम करतोय, दहा मिनिटं बंद राहील." मी बरं म्हणालो.

बुधवार, २७ मार्च

आपली चूक नाही! हे आधी लिहून टाकतो.

सकाळी सातलाच कंपनीत पोचलो आणि चाचणी केली. एकाच इमारतीतल्या दोन लिफ्टच्या दोन तक्रारी दहा मिनिटांच्या अंतराने टाकल्या. दोन्ही वेगवेगळ्या नोंदल्या गेल्या! दोन्हींना वेगळा मेकॅनिक. पुन्हा केलं, तेच. म्हणजे मेहुण्याने नियम बसवताना लिफ्टचा नंबरही धरला असणार. तो असाच आहे, माझ्यापुढचा विचार गुपचूप करून मोकळा होतो. त्याला विचारायला हवं होतं, पण बैठक सुरू होत होती. जीव भांड्यात पडला, एवढं खरं.

बैठकीत मॅडम, उस्ताद, ताई आणि मी. मोठ्या पडद्यावर मी चाचणी करून दाखवली.

ताई म्हणाल्या, "वॉचमनचा फोन चार सतराला आला. दोन नंबरची लिफ्ट, आत माणूस आहे, असं मी लिहिलं. हिरवी खूण आली. पुन्हा त्याचा फोन आला तेव्हा मी स्क्रीन बघितला. मेकॅनिक नेमला असं होतं, म्हणून मी त्याला सांगितलं की निघालाय."

मॅडम म्हणाल्या, "पण नोंद कुठे आहे?"

यादीत नोंद नव्हती. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शक्य तितक्या हळुवारपणे म्हणालो, "ताई, गडबडीत 'जतन करा' दाबायचं राहून गेलं असेल. होतं असं. तुम्ही पाहिलीत ती हिरवी खूण आधीच्या तक्रारीची असेल."

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. "राहिलं असेल?" हे त्या मला विचारत होत्या की बोटाला, कळलं नाही.

मॅडमनी त्यांना चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलं. ताईंनी पर्स घेतली, पंखा बंद केला आणि गेल्या. वाईट वाटलं. पण सव्वीस वर्षांच्या सवयीनंतर एखादं बटण चुकणं स्वाभाविक आहे.

आजोबा शुद्धीवर आलेत. देवाची कृपा.

शनिवार, ३० मार्च

मॅडमनी लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयाला खुलासा पाठवला. 'नोंद करताना मानवी चूक.' त्यासोबत माझं अर्ध्या पानाचं पत्र आहे: सिस्टीम तपासली, दोष आढळला नाही.

मेहुणा आज जेवायला आला होता. एरवी तो आला की घर डोक्यावर घेतो. आज मान खाली घालून जेवला. ही म्हणाली, "काय रे, बरं नाही का?" तो म्हणाला, "झोप नाही." त्याने किती धसका घेतलाय! मी म्हणालो, "अरे, सुटलो आपण. तू लिफ्टचा नंबर धरलास म्हणून वाचलो." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "दुसऱ्या टप्प्याचं बघू या आता."

ज्या ठिकाणी जोडलेल्या तक्रारी साठतात, ते उघडून पाहायला दोन मिनिटं पुरतील. पण नियम जोडतच नसेल तर तिथे काय असणार? मुद्दाम उघडण्यात अर्थ नाही.

जबडा दुखतोय.

मंगळवार, २ एप्रिल

सकाळी कंपनीच्या जिन्यात उस्ताद भेटले. एरवी थट्टा केल्याशिवाय पुढे जात नाहीत. आज जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले.

"साहेब, कंट्रोल डॉक्टरकडे जाऊन आली."

"काय झालं?"

"डोकं तपासायला. तिच्या आईला शेवटी शेवटी काही आठवायचं नाही. हिला वाटतंय आपलंही तसंच सुरू झालं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "रोज फोन करते मला. विचारते, उस्ताद, गेल्या वर्षभरात मी आणखी काय काय विसरले, खरं सांग. मी काय सांगू तिला? ती मला माझ्या बायकोचा वाढदिवस आठवून देते."

मी वर गेलो, दार लावलं आणि ते ठिकाण उघडलं.

त्या इमारतीच्या दोन नोंदी होत्या.

चार सतरा. 'दोन नंबर लिफ्ट. माणूस आत आहे. म्हातारे गृहस्थ, एकटे, घाबरलेत. लवकर.'

चार चाळीस. 'पुन्हा फोन. आतून आवाज कमी येतोय म्हणतात.'

दोन्हींपुढे लिहिलेलं: तीन अठ्ठावन्नच्या तक्रारीला जोडली. ताईंनी स्क्रीनवर पाहिलेला मेकॅनिक त्या दाराच्या तक्रारीचा होता.

त्यांनी लिहिलं होतं. शब्द न् शब्द लिहिला होता. बटण दाबलं होतं, हिरवी खूणही आली होती. आमच्याच सिस्टीमने ती नोंद गिळली आणि वर साधा ढेकरही दिला नाही.

मेहुण्याला बोलावलं. तो दारातच थांबला. पडद्यावर काय उघडलंय हे त्याने पाहिलं.

"नियम तू कधी काढलास?"

"त्याच संध्याकाळी."

"म्हणजे माझी चाचणी..."

"हो."

"आणि मला बैठकीत जाऊ दिलंस? त्या बाईंसमोर?"

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, जिजाजी!" त्याचा आवाज चढला. "तुम्ही विचारलं नाहीत. मी वाट बघत होतो. सकाळपासून फोन हातात धरून बसलो होतो."

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. बसल्यावर तो हळू म्हणाला, "नोंदी पुसायला बसलो होतो मी. हात झाला नाही."

बुधवार, ३ एप्रिल

हिला सगळं सांगितलं. ती एक कवळी पॉलिश करायला घरी घेऊन आली होती. ते काम चालूच ठेवून ऐकत होती.

मी म्हणालो, "सांगायला तर पाहिजे. पण तुझ्या भावाचाही विचार करायला हवा. नियम माझा, पण लपवलं त्याने. त्याला दोन लहान मुलं. आणि आजोबा बरे होताहेत. ताईंना मॅडमना सांगून परत घेता येईल, काही तरी कारण काढून. तुला काय वाटतं?"

तिने ब्रश खाली ठेवला. "तू मला विचारतोयस, म्हणजे मी नको म्हणावं अशी तुझी इच्छा आहे."

"तसं नाही."

"तसंच आहे. माझ्या भावाला पुढे करू नकोस. त्याचं मी बघते." मग म्हणाली, "ती बाई डोकं तपासायला गेली रे. तिच्या जागी मी असते तर?"

गुरुवार, ४ एप्रिल

गेलो नाही. कंपनीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. मॅडमच्या गाडीची जागा रिकामी आहे असं मनाला पटवलं. गाडी तिथेच होती.

शुक्रवार, ५ एप्रिल

सांगितलं.

माझं बोलून संपल्यावर त्या उठल्या, केबिनचं दार नीट लागलंय का पाहिलं आणि परत बसल्या. "हे अजून कोणाला माहीत आहे?"

मला वाटलं होतं त्या ओरडतील, फाईल फेकतील. या प्रश्नाची तयारी नव्हती.

"मला आणि माझ्या मेहुण्याला. घरी माहीत आहे."

"मग तिथेच राहू दे. नियम काढलाय ना? आता तसं होणार नाही. निरीक्षकांकडे खुलासा गेलाय. बाईंना मी पुढच्या आठवड्यात परत घेणारच होते, पूर्ण पगारावर. माणूस चुकतो म्हटलं की प्रकरण मिटतं. सिस्टीम चुकली म्हटलं तर नऊशे इमारती मला विचारतील, आणखी काय चुकलंय?"

खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. सगळं आयतं जुळत होतं. ताई परत येणार, काम टिकणार, आणि मी सांगायचं ते सांगितलंय, आता निर्णय त्यांचा. खुर्चीतून उठलोसुद्धा.

दारापाशी गेल्यावर म्हणालो, "पण ताईंना वाटतंय की त्यांचं डोकं गेलंय."

"समजावू आपण त्यांना."

"काय समजावणार? पूर्ण पगार देऊन?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मॅडम, माझं पत्र खोटं आहे. ते मी मागे घेतोय. निरीक्षकांना तुम्ही कळवा. सोमवारपर्यंत कळवलं नाहीत तर मी कळवेन."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "यानंतर तुम्हाला या शहरात कोणी काम देणार नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," म्हणालो. माहीत नव्हतं. स्कूटर सुरू करताना कळलं.

सोमवार, ८ एप्रिल

मॅडमनी वाट पाहिली नाही. सकाळीच नवा खुलासा पाठवला, त्याची प्रत मला मिळाली. चार ओळींच्या त्या कागदात माझं नाव दोनदा आहे. दुसरा टप्पा रद्द. पहिल्याची तपासणी दुसऱ्या कोणाकडून होईल, तोपर्यंत स्क्रीनशेजारी रजिस्टरही चालू. आम्ही महिनाभर दुरुस्त्यांना बांधलेले, मग रामराम. निरीक्षकांनी मला आणि मेहुण्याला पुढच्या आठवड्यात जबाबाला बोलावलंय. काय होईल सांगता येत नाही. वकील शोधायला हवा. यातली एकही गोष्ट अनपेक्षित नाही, आणि तरी तो कागद मी तीनदा वाचला.

मेहुणा चार दिवस बोलत नव्हता. आज दुपारी आला, टेबलावर एक लिफाफा ठेवला. त्या दोन नोंदींची छापील प्रत, वेळेसकट, आणि खाली त्याचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं निवेदन: नियम कधी बसवला, कधी काढला, कोणाला सांगितलं नाही.

"ताईने सांगितलं का तुला हे लिहायला?" मी विचारलं. ताई म्हणजे त्याची बहीण, आमची ही.

"तिने फक्त जेवायला वाढलं आणि समोर बसली," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे ती कशी बसते."

मला माहीत आहे. दोघंही हसलो. मग तो रडला, आणि मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो. एवढा उंच माणूस, थोपटायला हात वर करावा लागतो.

बुधवार, १० एप्रिल

आज ताईंच्या घरी गेलो. लिफाफा नेला होता. मॅडमचा फोन त्यांना आदल्या दिवशीच आला होता, चूक तुमची नव्हती एवढाच. उस्तादांनी बाकीचं सांगितलं असणार.

पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. टेबलावर गोळ्यांचं पाकीट आणि एक कागद. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात गेल्या आठवड्यातल्या गोष्टी तारीखवार लिहिल्या होत्या: काय खाल्लं, कोण भेटलं, किल्ली कुठे ठेवली. मी बघतोय हे पाहून त्यांनी तो उलटा केला.

मी उभ्यानेच माफी मागितली. तयारी करून गेलो होतो, तीनच वाक्यं होती, ती आडवीतिडवी झाली. मी प्रत दिली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं.

"चार सतरा," त्या म्हणाल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "मी लिहिलं होतं."

"हो."

"लवकर असंही लिहिलं होतं."

"हो ताई."

"चौदा दिवस," त्या म्हणाल्या. "चौदा दिवस मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव म्हणून बघत होते, सर." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी दुसरी नोंद वाचली. "वॉचमनला मी काय सांगितलं, ते आहे का यात?"

"नाही. टाइप केलेलं तेवढंच आहे."

"मी सांगितलं, निघालाय, पोचेलच. त्याने तसंच लिफ्टजवळ जाऊन ओरडून आजोबांना सांगितलं. निघालाय, पोचेलच." त्यांनी चष्मा काढला. "त्यावर ते दोन तास बसून राहिले असतील."

"ते आमच्या स्क्रीनने तुम्हाला सांगायला लावलं, ताई."

"असेल. पण बोलले मी."

मी प्रत परत लिफाफ्यात घालू लागलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. मग पायात चपला घालत म्हणाल्या, "आजोबा परवा घरी आलेत. मी दोनदा त्यांच्या इमारतीपर्यंत गेले आणि परतले. तुमच्याकडे स्कूटर आहे ना?"

मी होय म्हणालो. माझ्याही मनात तिथे जायचं होतं, अनेक दिवस, पण इतक्या लवकर नव्हतं.

वॉचमनने त्यांना आवाजावरून ओळखलं. "तुम्ही कंट्रोलवाल्या ना?" असं विचारून तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. दोन्ही लिफ्ट चालू होत्या. ताई सरळ जिन्याकडे वळल्या, मीही मागोमाग. आजोबांचं घर पाचव्या मजल्यावर आहे. तिसऱ्यावर त्या दम घ्यायला थांबल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून मी जाणार आहे कामावर. पण पोचला का ते विचारणार. तुम्ही काहीही सांगा."

"विचारा," मी म्हणालो.

बेल मी वाजवली. बराच वेळ आतून काठीचा आवाज येत राहिला. दार साखळीपुरतं उघडलं. किरकोळ अंगाचे, पांढरी दाढी वाढलेले आजोबा. "कोण?"

मी माझं नाव सांगितलं. मग म्हणालो, "त्या दिवशी लिफ्टमध्ये तुम्हाला कोणी सोडवायला का आलं नाही, ते सांगायला आलोय. चूक माझी होती."

त्यांनी आधी माझ्याकडे, मग ताईंकडे पाहिलं. दार लागलं. मग साखळी सरकल्याचा आवाज आला आणि दार पूर्ण उघडलं.

"आत या, बसून सांगा," आजोबा म्हणाले. "उभ्याने ऐकणं मला आता झेपत नाही. आणि सगळं सांगा, काही गाळू नका."

आम्ही आत गेलो. मी तीन अठ्ठावन्नपासून सुरुवात केली.